झऱ्याची लेकरं

“जाळीला हात लावू नका काका, तसंच धरा!” निशा ओरडली.

बाबासोंनी फुटवॉल होता तसा दोन्ही हातांत धरून ठेवला. पाइपाच्या तळाचा तो लोखंडी गोळा, त्याची जाळी, वीस वर्षांचा गंज आणि गाळ, सगळं मिळून दहा-बारा किलोचं ओझं होतं. तरी त्यांनी ते खाली ठेवलं नाही. निशा गुडघ्यांवर बसली. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात बारीक कुंचला. जाळीच्या भोकातल्या गाळातून तिनं काहीतरी अलगद उचललं आणि काचेच्या बशीतल्या पाण्यात सोडलं.

तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी. ते हललं. मग बशीच्या कडेनं कुशीवर पोहत निघालं. झिंग्यासारखं अंग, मिशा होत्या, पाय होते. डोळे नव्हते.

“काय गावलं गं पोरी?” विहिरीचे मालक विजयसिंह कठड्याजवळ येऊन वाकले.

“प्राणी आहे, दादा. जमिनीखालच्या पाण्यातला.”

“जित्ता हाय?”

“हो.”

“मग सोड की परत. अजून दोन दिवस हायती त्याला,” असं म्हणून विजयसिंह हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. दोन दिवसांनी ती विहीर मुरूम टाकून बुजवायची होती. म्हणून तर बाबासो मिस्त्री आज तिथला पंप काढायला आले होते.

बाबासोंचं वय एकसष्ट. पेठ वडगावच्या बाजारात त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं आणि घर तिथून चार किलोमीटरवर, याच गावात, बौद्ध वस्तीत. चाळीस वर्षं ते आसपासच्या विहिरींत उतरत होते. कुठल्या विहिरीला किती हातांवर कपार आहे, कुठली उन्हाळ्यात दगा देते, कुठल्या कपारीत नाग बसतो, हे त्यांना पाठ होतं. याचा पंपाशिवाय कुणाला काही उपयोग असेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मग एका दुपारी निशा दुकानात आली.

निशा हुपरीची. तिचे वडील पैंजणांना रव्याएवढे चांदीचे मणी डाग देऊन जोडत. दिव्याखाली मान घालून बारीक वस्तूकडे तासन् तास बघणं तिच्या घरातच होतं. आता ती कोल्हापुरात संशोधन करत होती, जमिनीच्या पोटातल्या पाण्यात राहणाऱ्या जिवांवर. वर्षभरात साठ विहिरी पालथ्या घातल्या होत्या. लोक विचारायचे, “पाणी चांगलं हाय का सांगा,” आणि ती किडे शोधतेय कळल्यावर घाईत निघून जायचे. शेवटी तिला वाटलं, विहिरीच्या मालकापेक्षा विहिरीत उतरणाऱ्याला विचारावं.

“काका, विहिरीत पांढरा, बिनडोळ्याचा किडा कधी बघितलाय?”

बाबासो बेअरिंग पुसत म्हणाले, “बघितलाय म्हंजे? प्यालोय की पाण्याबरोबर.”

निशा तिथल्याच एका खोक्यावर बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

---

पंप काढला त्या संध्याकाळी तिनं बाबासोंच्या घरून कोल्हापूरला तिच्या सरांना फोन लावला. बाबासोंच्या बायकोनं, शालूबाईंनी, चहा केला तो निवून गेला. फोन ठेवून निशा म्हणाली, “सरांना फोटो पाठवले. ते म्हणतात, असा आजपर्यंत कुणी नोंदवलेला नाही बहुतेक. पण एकावरून काही ठरत नाही. आठ-दहा तरी लागतील. नर, मादी, दोन्ही.”

“म्हंजे ह्याला नावच न्हाय?” शालूबाईंनी विचारलं.

“अजून नाही, मावशी.”

“आमच्यात हाय,” बाबासो म्हणाले.

दोघी त्यांच्याकडे बघायला लागल्या. बाबासो बोलायला फार उत्सुक नव्हते, पण तोंडातून निघून गेलं होतं.

“माझा बा म्हनायचा, झऱ्याची लेकरं. मी धा वर्सांचा असंन. त्या विहिरीचा गाळ काढायला आमच्या वस्तीतली मानसं लावलीती. गाळ काढाय आमी चालायचो. पानी शेंदाय न्हाय. माझी आय घागर घिऊन कठड्यापासनं लांब हुबी ऱ्हायची. कोन यील आनि वतंल तवा पानी. पर बा खाली उतरला, की तितं तळात कोन इचारनार? झऱ्याला थेट तोंड लावून पोट भरस्तोवर पानी प्यायचा. वर आल्यावर मला सांगायचा, लई ग्वाड हाय, आनि त्यात पांढरी लेकरं हायती झऱ्याची. आपन प्यालो तरी ती काय बोलत न्हाईत.”

निशानं वही काढली होती, पण तिनं लिहिलं नाही.

“मंग आता?” शालूबाई म्हणाल्या. “इजयसिंगदादा थांबत्यात व्हय?”

“मी उद्या जाऊन येतो,” बाबासो म्हणाले.

विजयसिंहांच्या दारात ते शेकडो वेळा गेले होते, पण बोलावणं आल्यावर, पान्हे घेऊन. आज हात मोकळे होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. विजयसिंह ओसरीवर पेपर वाचत होते.

“बस की बाबासो. आज काय काढलंस?”

“त्या विहिरीचं, दादा. त्या पोरीला अजून थोडं किडं पायजेत. चार दिवस उशिरा बुजवली तर...”

“चार दिवस घे की. मुरूमवाल्याला सांगतो.” विजयसिंहांनी पेपराची घडी केली. “तुला खरं सांगू का? गेल्या साली रेडी पडून मेली तितं. तवापास्नं आमची आई त्या वाटंनं जात न्हाय. आनि आता लॉन करायचं हाय, लग्नाबिग्नाला. मदीच विहीर ठिऊन भागंल व्हय?”

“न्हाय,” बाबासो म्हणाले. “न्हाय भागायचं.”

बाहेर रस्त्यावर निशा थांबली होती. चार दिवस मिळाले हे ऐकून ती भडकली.

“चारच? काका, बुजवूच नका असं का नाही म्हणालात? कडेला जाळी मारता येईल, वर झाकण करता येईल...”

“मागायची सवं न्हाय गं मला,” बाबासो म्हणाले.

तेव्हा ती स्वतःच आत गेली. विजयसिंहांनी तिचं सगळं नीट ऐकून घेतलं, मधे एकदा पाणीही मागवलं. मग विचारलं, “कायद्यानं अडतंय का माझं?”

“नाही.”

“वाघाला अडतंय, मोराला अडतंय. मग ह्याला का न्हाय?”

“यादीत नाव असावं लागतं, दादा. याला अजून नावच नाही. नाव पडायला वर्ष-दोन वर्षं जातील.”

“मग तू सांग, मी तंवर काय करू?” विजयसिंह म्हणाले. ते खरंच विचारत होते.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबासोंनी दोराला बांधून पेटता कंदील विहिरीत सोडला. तो तळापर्यंत जळत राहिला, म्हणजे हवा ठीक होती. दुकानातला पंप लावून पाणी उपसून कमरेइतकं ठेवलं होतं. शालूबाईंनी घरातून निघताना सांगितलं होतं, “गुडघ्याला डॉक्टर काय म्हनलाय ते ध्यानात हाय न्हवं?” बाबासो “हाय” म्हणाले होते, आणि आता कमरेला दोर बांधत होते.

“मी उतरते,” निशा म्हणाली.

“उतरशीला. आधी मी कसा उतरतो ते बघ. पाय ठिवायच्या आधी दगड हालवून बघायचा. खाली बघायचं न्हाय, हाताकडं बघायचं.”

ते उतरले. गुडघ्यातून प्रत्येक पायरीला कळ येत होती, पण खाली गार सावलीत पोचल्यावर ती कमी झाली. मग निशा उतरली, हळूहळू, हाताकडे बघत. तळाला पूर्वेच्या बाजूला काळ्या दगडात हाताची बोटं जातील एवढी एक उभी फट होती आणि तिच्यातून पाणी येत होतं. बाबासोंनी तिथं तलम कापडाची जाळी धरली. अर्ध्या तासात पहिलं लेकरू जाळीत आलं.

“आलं बघ,” ते इतक्या हळू म्हणाले, की निशाला आधी कळलंच नाही.

तीन दिवसांत नऊ मिळाली. एका मादीच्या पोटाखाली चार अंडी होती. फक्त चार. निशा म्हणाली, वर तळ्यातली यांची भावंडं शंभर-शंभर घालतात. यांना खायला कमी, म्हणून सगळं सावकाश. जगतातही सावकाश, वर्षानुवर्षं. फटीच्या आत आणखी किती असतील, हे मात्र तिला सांगता येईना.

पाचव्या दिवशी मुरूम आला.

बाबासोंना दुकान उघडायचं होतं, तरी ते बांधावर उभे राहिले. पहिला डंपर ओतला तेव्हा पाण्याचा मोठा आवाज आला. दुसऱ्याला कमी. सहाव्यानंतर नुसती धूळ. निशा त्यांच्या शेजारी होती. ती रडत नव्हती, पण तिनं ओठ आत ओढून धरले होते.

“काका, हाच झरा दुसऱ्या कुठल्या विहिरीत फुटतो का? तुम्हाला माहीत असेल. तुम्हालाच माहीत असेल.”

बाबासोंनी डोक्यावरची टोपी काढून झटकली.

“न्हाय,” ते म्हणाले.

---

ते खोटं होतं.

बौद्ध वस्तीच्या मागे, पिंपरणीच्या झाडाखाली एक विहीर होती. बाबासो बारा वर्षांचे असताना वस्तीतल्या माणसांनी ती खणली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या रानात राबायचं आणि उरलेल्या उजेडात आपली विहीर. बाबासोंनी पाट्या वाहिल्या होत्या. दोन वर्षांनी पाणी लागलं, तेव्हा त्यांची आई कठड्यावर बसली होती, लांब नाही, अगदी कठड्यावर, आणि पाय आत सोडून तिनं स्वतः पहिली घागर शेंदली होती.

पुढे विजयसिंहांच्या विहिरीवर पंप चालला, की संध्याकाळी वस्तीच्या विहिरीचं पाणी हातभर खाली जायचं. मिस्त्रीला याचा अर्थ सांगावा लागत नाही. झरा एकच होता.

मग गावात नळ आले. विहिरीवर कुणी जाईना. वडगावला दुकान घेण्याआधी पंधरा वर्षं बाबासोंचं काम घरापुढच्या छपरात चालायचं. पंप उघडला, की जळकं ऑइल निघायचं. मोटार नव्यानं गुंडाळली, की वॉर्निशचे डबे रिकामे व्हायचे. ग्रीसच्या चिंध्या, रॉकेलनं धुतलेल्या भागांचा चिखल. ते सगळं कुठं टाकायचं? विहीर जवळ होती. त्यांचं बघून वस्तीही टाकायला लागली. बाटल्या, पत्रावळ्या, फुटके टीव्ही. आता ती कठड्यापर्यंत भरत आली होती आणि तिला विहीर कुणी म्हणत नव्हतं.

पंधरा दिवस बाबासो नीट जेवले नाहीत. शालूबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट पुढ्यातून उचलून घेतलं.

“बोला तरी, न्हायतर जेवा तरी.”

तेव्हा ते बोलले. शालूबाई ऐकत राहिल्या.

“तुमी एकट्यानं टाकलं व्हय?” त्या म्हणाल्या. “माझ्या बाळतपनाची गादी मीच टाकलीया त्यात. लावा तिला फोन.”

बाबासोंनी निशाला फोन लावला आणि ती हॅलो म्हणायच्या आत म्हणाले, “मी खोटं बोललो तुला. हाय एक विहीर. पर ती मी मारलीया.”

पलीकडून निशानं विचारलं, “किती खोल आहे?”

---

विहीर उपसायला पाच आठवडे लागले. सुरुवातीला बाबासो, शालूबाई आणि शनिवार-रविवारी कोल्हापूरहून येणारी निशा. वस्तीतले लोक जाता-येता थांबायचे. “मिस्त्री, काय सोनं पुरलंय काय?” बाबासो उत्तर द्यायचे नाहीत. दुसऱ्या आठवड्यात अंगणवाडीत काम करणारी क्रांती तिच्या बचत गटाच्या बायका घेऊन आली. तिसऱ्यात कागलच्या कारखान्यातून पाळी करून आलेले दोघे-तिघे दोर ओढायला लागले. कुणीतरी म्हणालं, माझ्या आज्याची पन पाटी हाय ह्यात. मग रोज दहा-बारा माणसं असायची.

वरचा कचरा निघाला. त्याखाली काळा, तेलकट थर लागला. त्याच्या वासानं बायका मागे सरल्या. बाबासो म्हणाले, “ह्यो माझा. ह्याला मी उतरतो.” त्यांनी हवा खेळती ठेवायला पंखा लावला, कंदील सोडला, आणि चार दिवस तो थर त्यांनी पाटी पाटीनं भरला. भरताना त्यांना स्वतःच्या हातचे डबे ओळखू येत होते. एका डब्यावर खिळ्यानं कोरलेलं गिऱ्हाइकाचं नाव होतं. तो माणूस मरूनही दहा वर्षं झाली होती. निशानं तो सगळा गाळ पिंपात भरून ठेवायला लावला. तो पुन्हा जमिनीत जाता कामा नये, म्हणून तिनं तीन ठिकाणी खेटे घातले आणि शेवटी असला कचरा रीतसर नेणारी गाडी आणली.

तळ लागला. पूर्वेच्या बाजूला फट होती. आधी काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी दगड ओला झाला आणि पाचव्या दिवशी करंगळीएवढी धार आली. वर टाळ्या वाजल्या. बाबासोंनी जाळी धरली. दिवसभर धरली.

काही आलं नाही.

पुढच्या रविवारी नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाण्यावर तेलाचा रंगीत पापुद्रा यायचा, तो शालूबाई जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपून काढायच्या. पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा निशानं लांब दोराची जाळी करून दिली. ती तळाशी सोडायची, हळूहळू वर ओढायची, पांढऱ्या थाळीत ओतायची, गाळ बसेपर्यंत वाट बघायची. मग बघायचं. बाबासो दर रविवारी बघायचे आणि निशाला मोबाइलवर एक शब्द पाठवायचे, “न्हाय.”

मिळालेली लेकरं कोल्हापुरात स्पिरिटच्या बाटल्यांत होती. निशा त्यांच्या पायांची, मिशांची चित्रं काढत होती. एकदा ती आली तेव्हा तिनं ती चित्रं दाखवली. शालूबाई म्हणाल्या, “केवढं नटवलंय देवानं, आनि बघायला कोन न्हाय,” आणि लगेच, “देवानं म्हंजे आपलं बोलायची पद्धत.”

“सरांचं म्हणणं आहे, कुठं सापडतो त्या रकान्यात एकच विहीर लिहावी लागेल,” निशा म्हणाली. “आणि पुढं लिहावं लागेल, विहीर बुजवली.”

“आनि ही?” बाबासोंनी विचारलं.

“ही नाही लिहिता येणार, काका. सापडल्याशिवाय.”

बाबासोंनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं. पंप दुरुस्त झाला असं पाणी आल्याशिवाय तेही कधी म्हणाले नव्हते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी थाळीत काहीतरी हललं. बाबासो थाळीवर वाकले. पण ते लेकरू नव्हतं, सुईच्या टोकाएवढा गोल ठिपका होता, उड्या मारत जाणारा. त्यांनी फोटो पाठवला. निशाचा फोन लगेच आला.

“काका, हे त्यांचं खाणं आहे! पाण्यात पुन्हा काहीतरी जगायला लागलंय.”

“मग ती येतील?”

“फटीच्या आत कुठं उरली असतील तर. सरकत सरकत.”

“किती दिसांत?”

तिनं कधी खोटा दिलासा दिला नव्हता. “दिवस नाहीत, काका. दहा वर्षं. वीस. कदाचित नाहीच.”

बाबासोंनी फोन खिशात ठेवला, जाळी वाळत घातली. मग घरी जाऊन ते शालूबाईंना म्हणाले, “जरा चल माझ्याबरोबर. दोर कसा वडायचा ते दावतो.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“मला तरी काय कळत हुतं?”

शालूबाईंना दोर ओढायला लगेच जमलं, कारण घागर शेंदलेले हात होते. ठिपके ओळखायला मात्र दोन महिने लागले. निशानं भिंग दिलं, चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायला लावला. क्रांतीच्या गटातल्या दोघी-तिघी कधी कधी येऊन बसायच्या. कुणी कठड्यावर साबणाची बादली ठेवली, की शालूबाई तिथूनच ओरडायच्या.

माघात एका रविवारी पहाटेच कुणाचा तरी पंप बंद पडला. उसाला पाणी द्यायची पाळी होती, म्हणून बाबासोंना जावं लागलं. काम लांबलं. परत येईस्तोवर ऊन वर आलं होतं. घराला कडी होती. ते तसेच पान्ह्यांची पिशवी खांद्यावर घेऊन वस्तीच्या मागे गेले.

पिंपरणीखाली शालूबाई उकिडव्या बसल्या होत्या. जाळी कठड्यावर वाळत पडली होती. पुढ्यात थाळी, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात कुंचला, आणि नाक जवळजवळ पाण्याला टेकलेलं. बाबासो मागे जाऊन उभे राहिले.

“काय हाय का?”

शालूबाईंनी मान वर केली नाही.

“गाळ बसू द्या की अजून,” त्या म्हणाल्या. “आनि सावली काढा तुमची. दिसंना झालंय.”

बाबासो दोन पावलं मागे सरकले. पिशवीतले पान्हे वाजू नयेत म्हणून त्यांनी ती हळूच जमिनीवर टेकवली, आणि ते वाट बघत उन्हात उभे राहिले.